शेजारच्या गावची दवंडी

एक गोष्ट अलीकडे पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. कॅनडात म्हणे असा कायदा आहे की, बातम्यांत खोटे बोलणाऱ्यास तेथे टेलिव्हिजनचा परवाना मिळत नाही. आणि ह्या कायद्यामुळेच अमेरिकेतले फॉक्स न्यूज हे चॅनेल कॅनडाच्या वेशीवरून परत फिरले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीतल्या चहाबरोबर, मी ही गोष्ट निदान तीन वेळा ऐकली आहे. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी मोठे समाधान असते. ह्या पृथ्वीतलावर कोठे तरी एक गाव असे आहे, की जेथे खोट्याला वेशीच्या आत पाऊल टाकता येत नाही, ह्या कल्पनेनेच माणसाला बरे वाटते. रामराज्याची आपल्याला जी ओढ आहे, तिचेच हे एक आजचे रूप म्हणावयाचे.

गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. फॉक्स न्यूज २००४ सालच्या डिसेंबर महिन्यात कॅनडात पोहोचले, आणि रीतसर परवानगी घेऊन पोहोचले. खोट्या बातम्यांविरुद्धचा नियम तेथे आहे, हे खरे; परंतु ह्या चॅनेलला आधी जो नकार मिळाला आणि मागाहून जो होकार मिळाला, त्या दोहोंचा त्या नियमाशी संबंध नव्हता. म्हणजे खोट्या बातमीला आळा कसा बसला ह्याविषयीची ही बातमीच खोटी! इतिहास शिकविणाऱ्या माणसाला असा योग सोडवत नाही. खरी हकीकत जरा रूक्ष आहे, तीत अर्ज आहेत, परवाने आहेत, मुदती आहेत. पण दिवाळीच्या फराळात जशी एखादी कडक चकली असते तशी ती चावून खाल्ली तर चव देते.

कॅनडा आणि अमेरिका ह्यांच्यामधली सीमा जवळजवळ नऊ हजार किलोमीटर लांबीची आहे. जगात दोन देशांमध्ये एवढी लांब सीमा दुसरी नाही. कॅनडा क्षेत्रफळाने अफाट. पण वस्ती म्हणाल तर बहुतेक सारी ह्या सीमेला खेटून. उत्तरेकडे बर्फ आणि दक्षिणेकडे अमेरिका, अशा पट्टीत हा देश राहतो. १९३० च्या सुमारास कॅनडाची लोकसंख्या एक कोटी होती आणि शेजाऱ्याची बारा कोटी. ह्या शेजाराविषयी कॅनडाचे पंतप्रधान पियेर ट्रूडो १९६९ साली वॉशिंग्टनला जाऊन जे बोलले ते प्रसिद्धच आहे: तुमच्या शेजारी राहणे म्हणजे हत्तीच्या बाजूला निजण्यासारखे आहे, जनावर कितीही गरीब स्वभावाचे असले तरी त्याने कूस बदलली की आमची झोप मोडते. आपल्याकडे चाळीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. भिंत पातळ असली की शेजारच्या घरातले भांडण आपल्या घरातले होते.

ह्या भिंतीतून पहिला आवाज आला तो रेडिओचा. १९२० नंतरच्या दहा वर्षांत कॅनडातले लोक रेडिओ लावीत आणि बहुतांशी अमेरिकेतली केंद्रे ऐकत. त्यांची केंद्रे बलाढ्य, गाणी झकास, आणि मध्येमध्ये साबणाच्या व सिगारेटच्या जाहिराती. मुले आपल्या देशाच्या पंतप्रधानाचे नाव विसरतील पण न्यूयॉर्कच्या विनोदी नटाचे नाव विसरणार नाहीत, अशी काळजी जाणत्यांना लागली. सरकारने १९२८ साली सर जॉन एअर्ड ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. एअर्ड हे पेशाने बँकवाले. खाजगी धंद्याचे वैरी खचितच नव्हेत. तरी १९२९ साली त्यांनी अहवाल दिला तो असा, की नभोवाणी ही सार्वजनिक मालकीची सेवा असावी. पुढे ग्रॅहम स्प्राय नावाच्या तिशीतल्या एका तरुणाने ह्या मागणीसाठी रान उठविले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की, आपल्यापुढे दोनच वाटा आहेत. एक स्वतःच्या राज्याची आणि दुसरी शेजारच्या संयुक्त राज्यांची. ह्यातूनच १९३६ साली सीबीसी ही कॅनडाची राष्ट्रीय नभोवाणी संस्था उभी राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शेजारचा आवाज बंद पाडण्याचा विचार त्या पिढीने फारसा केला नाही. हवेतला आवाज बंद करणार तरी कसा? त्यांनी स्वतःचा आवाज निर्माण करण्यावर पैसा आणि बुद्धी खर्च केली.

टेलिव्हिजनच्या वेळी हीच कथा पुन्हा घडली. अमेरिकेतल्या बफलो शहरात १९४८ साली टेलिव्हिजन केंद्र सुरू झाले. ऑंटारिओ सरोवराच्या पलीकडच्या तीरावर टोरांटो. तेथल्या लोकांनी घरांवर उंच उंच एरिअल उभारल्या आणि बफलोची चित्रे पाहावयास आरंभ केला. कॅनडाचे स्वतःचे टेलिव्हिजन आले ते १९५२ च्या सप्टेंबरात, आधी माँट्रिअलला आणि दोन दिवसांनी टोरांटोला. तोवर चार वर्षे लोक परक्याच्या पंगतीत जेवून तृप्त झाले होते. पश्चिमेकडे तर आणखी गंमत. सीमेलगतच्या बेलिंगहॅम ह्या अमेरिकेतल्या लहानशा गावात १९५३ साली एक केंद्र निघाले, आणि त्याचा सारा डोळा होता सीमेपलीकडच्या व्हँकूव्हर ह्या मोठ्या शहरावर. प्रेक्षक कॅनडाचे, जाहिरातदार कॅनडाचे, गल्ला मात्र अमेरिकेत! शेवटी १९७६ साली कॅनडाने आयकराच्या कायद्यातच दुरुस्ती केली, आणि अशा परक्या केंद्रांवर केलेल्या जाहिरातीचा खर्च व्यापाऱ्याला उत्पन्नातून वजा करता येईनासा झाला. कुंपणावर काटे लावण्यापेक्षा ही युक्ती अधिक शहाणपणाची होती.

१९६८ साली ह्या सर्व कारभारासाठी एक स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आपण त्याला नुसते मंडळ म्हणू. कॅनडात केबलवाल्याला किंवा उपग्रहवाल्याला परदेशी चॅनेल दाखवावयाचे असेल तर ते ह्या मंडळाच्या मान्य यादीत असावे लागते. यादीत नाव घालावयाची मुख्य कसोटी धंद्याची आहे: ह्या परदेशी चॅनेलमुळे, परवाना मिळालेल्या एखाद्या कॅनडियन चॅनेलचे गिऱ्हाईक तुटते की काय? चॅनेलवरचा मजकूर खरा की खोटा, डावा की उजवा, हा प्रश्न त्या कसोटीत प्रथम येत नाही. अमेरिकेचे सीएनएन ह्या यादीत केव्हाच जाऊन बसले होते.

आता ज्या पाहुण्याविषयी हे सगळे चालले आहे त्याची ओळख करून घेऊ. फॉक्स म्हणजे कोल्हा. त्यामुळे आपल्या मनात पंचतंत्रातला, निळीच्या पिंपात पडून राजा झालेला कोल्हा लगेच उभा राहतो. पण हे नाव पडले आहे विल्यम फॉक्स ह्या हंगेरीत जन्मलेल्या चित्रपट-व्यावसायिकाच्या आडनावावरून. त्याची कंपनी अनेक हात फिरत रूपर्ट मर्डॉक ह्यांच्याकडे आली. मर्डॉक मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९८५ साली त्यांनी आपले नागरिकत्व सोडून अमेरिकेचे घेतले, आणि त्यामागचे कारण जाणण्याजोगे आहे: परकीय माणसाच्या हाती टेलिव्हिजन केंद्रे जाऊ नयेत असा अमेरिकेचा कायदा आहे, आणि मर्डॉकना तर केंद्रे विकत घ्यावयाची होती. खुल्या बाजाराचा जयघोष करणाऱ्या अमेरिकेच्या उंबरठ्यावरही अशी रेघ ओढलेली होतीच. कॅनडाला संकुचित म्हणून हिणविणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.

फॉक्स न्यूज सुरू झाले ७ ऑक्टोबर १९९६ रोजी. त्याचा सूत्रधार रॉजर एल्स. ह्या गृहस्थाने १९६८ साली निक्सन ह्यांच्या प्रचारात टेलिव्हिजनची बाजू सांभाळली होती, आणि पुढे रेगन व थोरले बुश ह्यांच्या निवडणुकांतही सल्लागारी केली होती. चॅनेलचे ब्रीद ठेवले ‘न्याय्य आणि समतोल’. त्या समतोलाचा काटा रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेला आहे हे पाहणाऱ्याला लवकरच कळे. आणि ज्यांना तो तसा झुकलेला हवा होता त्यांना तर ते अधिकच लवकर कळले. इतर सगळी चॅनेले आपल्याला गावंढळ समजतात, हे एकटेच आपल्या बाजूने बोलते, असे लाखो लोकांना मनापासून वाटले. ही भावना खोटी म्हणून झटकून टाकता येणार नाही. २००२ च्या आरंभी ह्या चॅनेलने प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकले.

कॅनडाच्या दारावर पहिली थाप पडली ती मात्र ह्यापूर्वीच, २००० साली. तेथल्या ग्लोबल टेलिव्हिजन ह्या कंपनीने फॉक्सबरोबर भागीदारी करून ‘फॉक्स न्यूज कॅनडा’ नावाचे चॅनेल काढण्याचा परवाना मागितला. अमेरिकेतला बराचसा मजकूर आणि त्यात काही भाग कॅनडाचा, असा तो बेत होता. मंडळाने परवाना दिला. पण चॅनेल काही निघाले नाही. परवाना कपाटात पडून राहिला, आणि ह्या कपाटातल्या कागदानेच पुढचे सारे नाट्य घडविले.

२००३ साल उजाडले. मार्च महिन्यात अमेरिकेने इराकवर स्वारी केली. कॅनडाचे पंतप्रधान जाँ क्रेत्येन ह्यांनी त्या युद्धात उतरण्यास नकार दिला. फॉक्स न्यूजवर युद्धाच्या बाजूचा नगारा वाजत होता. अशा वेळी कॅनडाच्या केबल-व्यावसायिकांच्या संघटनेने मंडळाकडे अर्ज केला की, मूळचे अमेरिकन फॉक्स न्यूज आम्हांला दाखवू द्यावे. १४ नोव्हेंबर २००३ रोजी मंडळाने अर्ज फेटाळला. कारण? ‘फॉक्स न्यूज कॅनडा’चा परवाना अजून जिवंत आहे, ते चॅनेल निघावयाचे असताना त्याच घरचे परदेशी चॅनेल आणले तर दोहोंत स्पर्धा होईल. इकडे कॅनडातल्या पुराणमतवादी मंडळींनी आरोळी ठोकली की, सरकारला आमचा आवाज नको आहे म्हणून ही बंदी आहे. तिकडे उदारमतवादी मंडळी मनातल्या मनात खूष झाली. जो निर्णय एका जुन्या परवान्यामुळे लागला त्यात एका पक्षाने कारस्थान पाहिले आणि दुसऱ्याने सत्याचा विजय. आरंभी सांगितलेल्या दंतकथेला पुढे जे खत मिळाले, ते ह्या दुसऱ्या समजुतीतून.

ज्यांना ते चॅनेल पाहावयाचेच होते ते थांबले होते असे मात्र समजू नये. अमेरिकेतला पत्ता देऊन मिळविलेल्या उपग्रहाच्या छत्र्या कॅनडातल्या पुष्कळ घरांवर होत्या. २००२ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरविला. पण छपरावरच्या छत्र्या मोजत कोण हिंडणार?

२००४ च्या वसंतात फॉक्सनेच कळविले की, कॅनडातले निराळे चॅनेल काढण्याचा आमचा इरादा नाही. कपाटातला कागद निकालात निघाला. एप्रिलमध्ये केबलवाल्यांनी पुन्हा अर्ज केला. आणि नेमक्या त्याच एप्रिलमध्ये फॉक्सचे नामांकित वक्ते बिल ओराय्ली ह्यांनी आपल्या कार्यक्रमात कॅनडाला दम भरला. इराकच्या युद्धातून पळालेल्या अमेरिकन शिपायांना तुम्ही आसरा दिलात तर आम्ही तुमच्या मालावर बहिष्कार घालू, असे ते म्हणाले. आणि फ्रान्सवरच्या बहिष्काराने फ्रान्सचे कसे प्रचंड नुकसान झाले ह्याचा दाखला म्हणून त्यांनी पॅरिसच्या एका व्यापारी नियतकालिकाचे नाव घेतले. त्या नावाचे नियतकालिक लोकांनी शोधून पाहिले, सापडले नाही. घरात घ्या म्हणून दारात अर्ज दिलेला आणि त्याच वेळी ओसरीवरून घरमालकाला शिव्या, असा हा प्रसंग. तरीही १८ नोव्हेंबर २००४ रोजी मंडळाने फॉक्स न्यूजला मान्यता दिली. विचार साधारण असा, की हे चॅनेल कॅनडाविषयी फारसे बोलतच नाही. तेव्हा ते कॅनडाच्या वृत्तवाहिन्यांचे गिऱ्हाईक तोडणार नाही. परक्याने आपली दखल घेऊ नये हीच त्याला आत घेण्याची पात्रता ठरली! १६ डिसेंबरपासून रॉजर्स ह्या केबल कंपनीने ते दाखवावयास सुरुवात केली, आणि पाठोपाठ इतरांनी.

ह्याच वर्षी, चार महिने आधी, दुसऱ्या एका पाहुण्याचा अर्ज निकालात निघाला होता, आणि माझ्या मते ह्या इतिहासातले सर्वांत बोलके पान तेच आहे. कतारहून चालणारे अल् जझीरा हे अरबी चॅनेल. त्यावर ज्यूद्वेषी मजकूर येतो अशी तक्रार होती. मंडळाने १५ जुलै २००४ रोजी त्यालाही परवानगी दिली; पण अशी अट घातली की, जो केबलवाला हे चॅनेल दाखवील त्याने त्यावर दिवसरात्र नजर ठेवावी, सगळे मुद्रित करून ठेवावे, आणि द्वेष पसरविणारा मजकूर आला तर तो कापावा. चोवीस तास अरबी समजणारी माणसे नेमून कात्री घेऊन बसणे कोणत्या केबलवाल्याला परवडणार? एकानेही ते घेतले नाही. दार उघडे होते; उंबऱ्यात खंदक खणलेला होता. फॉक्सला असली अट नव्हती. एकाच वर्षात, एकाच कचेरीतून, दोन पक्षपाती पाहुण्यांना दोन मापे लागली. पुढे २००९ मध्ये ह्याच संस्थेच्या इंग्रजी चॅनेलला मंडळाने ह्या अटीविना मान्यता दिली. शाळेत एकाच चुकीला दोन मुलांना दोन शिक्षा केल्या तर साऱ्या वर्गाच्या लक्षात येते. आणि मग मुले चुकीविषयी बोलत नाहीत, मास्तरांविषयी बोलतात.

बरे, फॉक्स आत आल्यावर कॅनडाचे काय झाले? भाकिते मोठी होती. प्रत्यक्षात ते चॅनेल वरचे निराळे पैसे भरणाऱ्यांच्या घरी राहिले, आणि देश आपल्या वाटेने चालत राहिला. ज्या दोन प्रसंगी त्याने कॅनडाच्या काळजाला खरोखर हात घातला त्या दोन्ही प्रसंगी ते केबलच्या वाटेने आलेच नाही.

पहिला प्रसंग मार्च २००९ चा. कॅनडाचे सैनिक त्या वेळी अफगाणिस्तानात कंदाहारकडे लढत होते. त्या युद्धात पुढे एकूण १५८ कॅनडियन सैनिक कामी आले. भूदलाच्या प्रमुखांनी सांगितले की, २०११ नंतर सैन्याला वर्षभर उसंत लागेल. ह्यावर फॉक्सच्या रात्री तीन वाजताच्या एका विनोदी कार्यक्रमात थट्टा झाली: ह्यांना योगासने करावयाला आणि निसर्गचित्रे रंगवावयाला रजा हवी आहे! एका पाहुण्याने तर, हे लोक युद्धात आहेत हेच मला ठाऊक नव्हते, असे म्हटले. रात्री तीनला पाहतो कोण? पण काही दिवसांनी, २० मार्चला, चार कॅनडियन सैनिक स्फोटांत मारले गेले. आणि त्याच सुमारास त्या थट्टेची चित्रफीत इंटरनेटवरून घरोघर पोहोचली. चार शवपेट्या आणि ते हसणे एकाच वेळी लोकांच्या डोळ्यांपुढे आले. संरक्षणमंत्री पीटर मके ह्यांनी माफीची मागणी केली. कार्यक्रमाच्या चालकाने माफी मागितली.

दुसरा प्रसंग अधिक दुःखाचा. २९ जानेवारी २०१७ च्या संध्याकाळी क्वीबेक शहरातल्या मशिदीत नमाजाच्या वेळी गोळीबार झाला आणि सहा माणसे मारली गेली. पोलिसांनी प्रथम दोघांना ताब्यात घेतले. त्यांतला एक मोरोक्कन वंशाचा होता, आणि तो केवळ साक्षीदार निघाला. मारेकरी होता तिथलाच एक फ्रेंच-कॅनडियन तरुण. आरंभीच्या गोंधळात इतर वृत्तपत्रांनीही चुकीचे छापले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण पोलिसांनी खुलासा केल्यानंतरही फॉक्स न्यूजच्या ट्विटर खात्यावर संशयित मोरोक्कन असल्याची ओळ तशीच राहिली. मेलेले मुसलमान आणि मारेकरीही मुसलमान, असे त्या ओळीने जगाला सांगितले. अखेर कॅनडाच्या पंतप्रधानांच्या कचेरीतून पत्र गेले तेव्हा ती ओळ काढण्यात आली आणि खेद व्यक्त झाला. सहा घरांतल्या माणसांना त्या दोन दिवसांत काय वाटले असेल ह्याची कल्पना करून पाहावी. कोणत्या यादीतून कोणाचे नाव काढले असते म्हणजे ही ओळ थांबली असती?

घरचाच फॉक्स निर्माण करण्याचा प्रयोगही कॅनडाने करून पाहिला. सन न्यूज नावाचे चॅनेल १८ एप्रिल २०११ रोजी निघाले. ते येण्याच्या आधीपासून लोक त्याला ‘उत्तरेचे फॉक्स’ म्हणू लागले होते. त्याविरुद्धच्या सह्यांच्या मोहिमेत मार्गारेट ॲटवुडसारख्या थोर लेखिकेचीही सही होती. त्याच हिवाळ्यात मंडळाने खोट्या बातम्यांविषयीचा आपला जुना नियम सैल करण्याचा घाट घातला होता: खोटी बातमी कोणाच्या जिवावर वा प्रकृतीवर बेतणारी असेल तरच ती निषिद्ध, असे काहीसे. लोकांनी इतका गिल्ला केला की, नियम होता तसाच ठेवावा लागला. दंतकथेत जो नियम फॉक्सला अडवितो, त्याची खरी कामगिरी ही एवढी! आणि सन न्यूज? सर्व घरांत आपले चॅनेल सक्तीने जावे अशी त्याने मागणी केली. २०१३ साली मंडळाने ती नाकारली. प्रेक्षक थोडे, तोटा मोठा. १३ फेब्रुवारी २०१५ ला ते बंद पडले. सरकारने त्याला मारले नाही. गिऱ्हाईकच आले नाही.

ह्या सगळ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि जवळचा आहे. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी मुंबईत केबलवरून सीएनएन दिसू लागले. आपल्या घरात परक्या आकाशातून बातमी उतरण्याचा तो पहिला मोठा अनुभव. १९९३ साली मर्डॉक ह्यांनीच हाँगकाँगचे स्टार टीव्ही ताब्यात घेतले. २००३ साली आपल्या सरकारने नियम केला की, भारतातून प्रक्षेपण करणाऱ्या वृत्तवाहिनीत परकीय भांडवल शेकडा २६ हून अधिक नसावे. म्हणून स्टारने कलकत्त्याच्या आनंदबाजार समूहाशी भागीदारी केली. त्याच भागीदारीतून २००७ साली ‘स्टार माझा’ ही मराठी वृत्तवाहिनी निघाली, आणि २०१२ मध्ये तिचे ‘एबीपी माझा’ झाले. म्हणजे कॅनडात जो प्रश्न उंबरठ्यावर होता तोच आपल्याही उंबरठ्यावर होता, आणि आपणही त्याचे उत्तर मालकीच्या टक्केवारीत शोधले.

आणि दुसरी बाजूही विसरता कामा नये. १९५५ पासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्या दोघांनी गोव्याच्या सीमेलगतच्या रानात राहून ‘स्वातंत्र्याचा आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून त्यांचा आवाज सीमेपलीकडे जाई. पोर्तुगीज सरकारच्या लेखी तो शेजारच्या देशातून येणारा पक्षपाती आवाजच होता. गोव्याच्या लोकांच्या लेखी तो काय होता हे आपण जाणतो. तेव्हा सीमेपलीकडून आलेला आणि एका बाजूचा आहे, एवढ्यावरून कोणताही आवाज वाईट ठरत नाही. तो खरे सांगतो की खोटे, एवढे एकच पाहावे लागते; आणि ते पाहण्याचे काम कोणत्याही मंडळाला पुरतेपणी करता येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी टोरांटोजवळ राहतो. मध्यंतरी फोनवर मी त्याला ह्या चॅनेलविषयी विचारले. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे ते घेतलेलंच नाही. पण त्यातले तुकडे रोज मोबाईलवर येतात. आणि खरं सांगू? ते बहुतेक इकडचं कोणी पाठवत नाही, आपल्याकडचे काका-मामाच पाठवतात.” मी हसलो, पण मग विचारात पडलो. नऊ हजार किलोमीटरच्या कुंपणाला वळसा घालून ती दवंडी नागपूर-साताऱ्याच्या वाटेने कॅनडात शिरत होती, आणि तिच्यावर प्रेमळ नातेवाइकांचा शिक्का होता. वडीलधाऱ्यांनी पाठविलेले खोटे कसे असेल?

मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या स्वारीनंतर, मंडळाने रशियाचे आरटी हे सरकारी चॅनेल यादीतून काढून टाकले. २०२३ साली एका संघटनेने फॉक्सचेही नाव काढावे अशी मागणी केली, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात मंडळाने लोकांचे म्हणणे मागविले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत ह्या चॅनेलने मतदान-यंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीला बदनामीच्या दाव्यात ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली होती. २०२० च्या निवडणुकीविषयी जे ऐकविले गेले त्याची ती किंमत. ती वसूल केली कोर्टाच्या पायरीवर चढलेल्या एका फिर्यादीने, कोणत्या मान्य यादीने नव्हे.

मग २०२५ साल आले. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प कॅनडाला आपले एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा उघड उघड बोलू लागले. हत्तीने नुसती कूस बदलली नव्हती, तो उठून उभा राहिला होता. त्या दिवसांत ऑंटारिओ प्रांताचे मुख्यमंत्री डग फोर्ड पुन्हा पुन्हा एका चॅनेलवर दिसत. ते चॅनेल फॉक्स न्यूज. मुलाखतकाराने त्यांना सुनावले की, आमच्यात सामील होणे हा कोणालाही बहुमान वाटला पाहिजे. फोर्ड हसतमुखाने पण ठामपणे सांगत राहिले की, आमचा देश विकावयास काढलेला नाही. ज्या दवंडीला एकदा वेशीवर अडविले होते, तिच्याच ढोलावर जाऊन कॅनडाच्या माणसाने आपले म्हणणे शेजारच्या गावाला ऐकविले.

हे त्याला साधले, कारण बोलावयास त्याच्यापाशी स्वतःचे काही होते. एअर्ड आणि स्प्राय ह्यांच्या पिढीने कुंपणापेक्षा आवाजावर भर दिला, त्याचे हे फळ आहे असे मला वाटते. शेजारच्या गावची दवंडी आपल्या कानावर येणारच. आज तर ती खिशातून येते. आपल्या गावची दवंडी खरी ठेवणे, आणि ऐकलेले पुढे धाडण्याआधी ‘हे सांगतो कोण?’ एवढे विचारावयास मुलांना शिकविणे, ही दोन कामे मात्र आपल्या हातची आहेत. दुसरे काम मी वर्गात रोज करून पाहतो. यश फार येत नाही. पण गेल्या महिन्यात एका मुलीने मलाच उभे राहून विचारले, “सर, हे तुम्ही कुठं वाचलंत?” त्या दिवशी माझा तास चांगला झाला.